कळीला आलेली कर्दळ

आमच्या गल्लीत कुणाचं रोप मान टाकायला लागलं, की ते कुंडीसकट उचलायचं आणि रोपवाल्या मावशींच्या ओट्यावर नेऊन ठेवायचं, असा प्रघात होता. काही सांगावं लागत नसे. काही दिवसांनी तेच रोप टवटवीत होऊन आपल्या दारात परत यायचं, आणि कुंडीतल्या मातीवर बोटांनी दाबल्याच्या खुणा असायच्या. मात्र रोपाची आबाळ मालकाच्या आळसामुळे झाली असं मावशींना वाटलं, तर ते परत येत नसे. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याने एकदा भीत भीत विचारलं, "मावशी, माझी जाई बरी झाली का?"

"झाली की. पण तुमच्याकडे नांदायला जायचं नाही म्हणते."

त्यानंतर कितीतरी दिवस शिंपी येता-जाता त्या जाईकडे, बायको माहेरी जाऊन बसलेल्या नवऱ्यासारखा बघायचा.

मावशी पालिकेच्या रोपवाटिकेत कामाला होत्या. त्यांची आई तिथे मातीच्या पाट्या वाहायची आणि शाळा सुटली की ही मुलगी आईच्या मागे मागे हिंडायची. पुढे शाळा कायमचीच सुटली. तिथल्या थोरल्या माळ्याने तिला हाताखाली घेतलं. हा माणूस कमी बोलायचा, पण बोलायचा ती काळ्या दगडावरची रेघ. फांदी कापायची ती डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर आणि तिरकी. पाणी द्यायचं ते मुळाला, पानांना नाही. आणि कळी धरलेल्या झाडाला कात्री लावायची नाही, मग समोर कोणीही येऊन उभं राहो.

कोणीही म्हणजे कोणीही. एकदा पालिकेतल्या एका बड्या साहेबांच्या बायकोला घरच्या समारंभासाठी कळ्यांनी भरलेल्या फांद्या हव्या होत्या. मावशींनी त्यांना बसायला स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं आणि सांगितलं, "उमलली की निरोप धाडते. तेव्हा या आणि हव्या तेवढ्या न्या." बाई तणतणत गेल्या. मुकादमाने कपाळावर हात मारला. मावशी पुन्हा वाफ्यात जाऊन बसल्या.

त्यांचे यजमान नावाडी. आमच्या गल्लीच्या पाठीमागे तळं आहे, म्हणजे होतं. पलीकडच्या काठावर बाजार, अलीकडे वस्ती. माणसं, भाजीच्या टोपल्या, सायकली, बाजाराला निघालेल्या शेळ्या, सगळं त्यांच्या नावेतून पार व्हायचं. तरुणपणी मावशी रोपांची खोकी घेऊन बाजारात जायच्या त्याही याच नावेतून. तेव्हा त्या इतक्या किडकिडीत होत्या, की नावाड्याने पहिल्याच दिवशी म्हटलं, "ए काडे, मधोमध बस. वारा आला तर खोकी राहतील आणि तू उडून जाशील."

"तुझ्या तोंडाला वल्हं बांधलं असतं तर नाव आपोआप पलीकडे गेली असती," मावशी म्हणाल्या. आणि लग्न ठरलं. मध्ये काय काय घडलं ते दोघांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की हाच किस्सा सांगायचे आणि इथेच थांबायचे. लग्नानंतरही नावाडी त्यांना काडी म्हणूनच हाक मारायचे, मावशींचं अंग चांगलं भरल्यावरसुद्धा.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढची खोली गल्लीत उघडायची, मागची तळ्यावर. मागच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत कायम ओलसर, त्यामुळे तिथे पलंग न ठेवता मावशींनी फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर कान तुटलेल्या कपांतून, डब्यांतून मुळं फुटायला ठेवलेल्या फांद्या. मागच्या दाराला दोन पायऱ्या, त्याखाली पाणी. पायरीला नाव बांधलेली असायची.

पाणी बिघडलं ते हळूहळू. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला, त्याचा नाला तळ्यात सुटला. मग नव्या इमारती उठल्या, त्यांचंही सांडपाणी तळ्यातच आलं. पाण्याला आधी रंग आला, मग साय आली, मग वास. तोवर पलीकडे जायला पूलही झाला होता, आणि एक दिवस नावाड्यांनी नाव पायरीशेजारी काठावर ओढून पालथी घातली. नंतर ते पुलाच्या नाक्यावर रखवालदार झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "चालत जाताय ना? पाय दुखले तर तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

म्हातारपणी त्यांची आठवण जायला लागली. सुरुवातीला पाकीट, चष्मा, मग कालचं जेवण, मग मुलीचं नाव. मुलगी लांबच्या शहरात राहते. मावशींनी रजा टाकली आणि तिने दोघांना आपल्याकडे नेलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर नावाडी रात्रंदिवस येरझाऱ्या घालायचे. जिन्यात जाऊन बसायचे, शेजाऱ्यांची दारं वाजवायचे, काठ कुठल्या बाजूला आहे म्हणून विचारायचे. जेवेनात, झोपेनात, अंगाला हात लावू देईनात. मावशी त्यांना घेऊन परत आल्या. मागचं दार उघडलं, दारात खुर्ची ठेवली, त्यावर त्यांना बसवलं. समोर ते घाण वासाचं हिरवं-काळं पाणी. नावाड्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वारा पलीकडून आहे." मग समोर ठेवलेलं सगळं ताट संपवलं.

डॉक्टर म्हणाले, "यांना माणसं ओळखू येत नाहीत, पण ही जागा ओळखू येते. जागा बदलू नका. त्यांचा तेवढाच एक खुंटा उरला आहे."

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा मावशींकडे घ्यायला जायची, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक. नावाडी खुर्चीत, मावशी पायरीवर आणि मी उंबऱ्यात. मावशींना ते तेव्हा 'अहो बाई' म्हणायला लागले होते. मला पण 'अहो बाई'च म्हणायचे. "चला, आपण दोघी एका रांगेत आलो," मावशी हसून म्हणायच्या आणि कप विसळायला उठायच्या.

अशात पालिकेने तळं बुजवायचं ठरवलं. नव्या इमारतींतल्या लोकांच्या वासाबद्दल तक्रारी होत्या आणि मालट्रक उभे करायला शहरात जागा नव्हती. एका दगडात दोन पक्षी. पण पालिकेतच पाणी खात्यात एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, तिने सभेत हट्ट धरला. म्हणाली, तळं वनस्पतींनी साफ करून बघू. एक वर्ष द्या. वर्षाच्या शेवटी पाण्याची तपासणी करा. पाणी सुधारलं तर तळं ठेवा, नाही तर बुजवा. खर्च थोडा होता आणि ट्रकवाल्यांची निविदा अजून निघायची होती, म्हणून सभेने मान डोलावली.

तिला रोपवाटिकेतलं माणूस हवं होतं. मावशींची नोकरी संपत आलेली, गुडघे दुखरे. तरी मुकादमापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला घाला त्या कामावर."

"मावशी, चिखलाचं काम आहे. वासाने डोकं फिरेल."

"त्या वासात मी संसार केलाय. तुम्ही नाव लिहा."

इंजिनिअर मुलीने मावशींच्या पायरीवर बसूनच सगळं समजावलं. प्लास्टिकच्या नळ्यांचे चौकोनी तराफे करायचे, त्यांवर जाळी, जाळीवर काथ्या, काथ्यात रोपं. वर पानं, खाली पाण्यात लोंबती मुळं. कर्दळ, लव्हाळा, पाणकणीस. "ही झाडं पाण्यातली घाण पितात मावशी. खत म्हणून जे पाण्यात जास्त झालंय ते, आणि रंगातले धातूसुद्धा. पण ती पिऊन घाण कुठे जाते?"

"अंगात राहते," मावशी म्हणाल्या.

"बरोब्बर. मुळांत, देठांत, पानांत. म्हणून झाड भरात आलं, की फुलावर यायच्या आत ते कापून उचलायचं आणि ट्रकमधून लांब टाकून यायचं. तिथेच वाळलं, पाण्यात पडून कुजलं, तर प्यायलेलं सगळं पुन्हा ओकून टाकतं. उलट जास्त त्रास. लावणं हे निम्मं काम. कापणं हे खरं काम."

मावशींनी पायरीवरची माती बोटाने झटकली. मग म्हणाल्या, "म्हणजे खाटकाचं काम."

"तसं म्हणा हवं तर."

"आयुष्यभर जगवायचं शिकले. आता हे." पण म्हणताना त्या खुर्चीकडे बघत होत्या. नावाडी पेंगत होते. "शिकू," मावशी म्हणाल्या.

पहिली रोपं आठवड्यात जळून गेली. मग दोघींनी मिळून युक्ती काढली. तळ्याचं पाणी आणायचं, चांगल्या पाण्यात थोडंसं मिसळून रोपांना द्यायचं, हळूहळू वाढवत न्यायचं, बाळाला वरचं अन्न लावतात तसं. महिना-दीड महिना मावशींच्या ओट्यावर, पुढच्या खोलीत, पलंगाखालीसुद्धा तळ्याच्या पाण्याचे डबे होते. गल्लीने नाकं दाबली. शिंपी म्हणाला, "मावशी, माझी जाई तेवढी या वासातून सोडवा हो." त्याला जाई परत मिळाली, अशी इतक्या वर्षांनी.

दुसरी रोपं जगली. तराफे नुसते हिरवेगार झाले. पहिली कापणी ठरली त्या दिवशी मुकादम दोन मजूर घेऊन आला. मावशी कमरेएवढ्या पाण्यात, अंगावर रबरी पँट. विळा त्यांनी स्वतः धरला, मजुरांना हात लावू दिला नाही. प्रत्येक झुडपाला आधी हाताने कुरवाळायच्या आणि मग कापायच्या.

मुकादम काठावरून ओरडला, "मावशी, अंगाई म्हणून झाली असेल तर कापा आता! ट्रक थांबलाय."

"तुम्हाला कापताना मी एवढं थांबणार नाही," मावशी म्हणाल्या. मजूर पोट धरून हसले.

घरी आल्यावर मात्र त्या जेवल्या नाहीत. पण तराफ्यांना पुन्हा कोंब फुटले, दुसरी कापणी झाली, आणि हे सगळं फुकट नव्हतं हे दिसायला लागलं. आधी वास बसला. मग पाण्यावरची साय फाटली. इंजिनिअर मुलगी एका काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यामागे वर्तमानपत्र धरायची. पहिल्यांदा काहीच दिसत नसे, मग मथळा दिसला, मग एक दिवस मथळ्याखालच्या बारीक ओळी मी स्वतः वाचल्या. पाठच्या बाजूला कपडे वाळत घालायची गल्लीने बंद केलेली प्रथा पुन्हा सुरू झाली. एक पाणकोंबडी येऊन तराफ्यावर बसायला लागली. नावाड्यांनी तिच्याकडे बोट करून म्हटलं, "पावणी आली." इंजिनिअर मुलगी जपून बोलायची. कारखान्याचा नाला अजून बंद झाला नव्हता; अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. तरीही ती म्हणाली, "असंच राहिलं तर तपासणीत पास होऊ कदाचित. शेवटची कापणी तेवढी वेळेवर व्हायला हवी. थंडी पडायच्या आत." आणि ती कसल्याशा प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली.

शेवटच्या कापणीच्या सुमारास ऊन चांगलं पडलं होतं. एका सकाळी मावशी मागच्या पायरीवर भांडी घासत होत्या, मी उंबऱ्यात होते. तराफ्यांवरच्या कर्दळी नेहमीपेक्षा लवकर कळीला आल्या होत्या आणि दोन-चार ठिकाणी फुटल्याही होत्या, लाल आणि पिवळ्या. नावाडी नेहमीसारखे पाण्याकडे बघत होते. अचानक म्हणाले,

"ए काडे, हे पाण्यात कोणी लावलं गं?"

मावशींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वळून बघायचं धाडस त्यांना होईना. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी."

"पाण्यात झाडं तरंगतात?"

"तरंगतात की."

"मग मी उगाच इतकी वर्षं वल्हवत बसलो," नावाडी म्हणाले. "झाडावर बसवून पाठवायला हवं होतं एकेकाला."

मावशी हसल्या. हसता हसता त्यांनी राखेचे हात तोंडावर घेतले आणि सगळं तोंड काळं झालं. नावाड्यांनी विचारलं, "रडायला काय झालं?" आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अहो बाई, चहा आहे का?" संपलं. पण दुसऱ्या दिवशी उन्हं फुलांवर आल्यावर तेच झालं. "काडे, बघ." इतकंच म्हणाले, पण नाव घेऊन म्हणाले. ढगाळ दिवशी काही नाही. पुन्हा ऊन पडलं, पुन्हा एक हाक.

मुकादम मजूर घेऊन आला तेव्हा मावशी काठावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज नको. कळीवर आहेत."

"मावशी, मॅडमनी तर मला..."

"पुढच्या आठवड्यात या. हा बहर जाऊ द्या."

"मला काय, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा," मुकादम म्हणाला. त्याला दुसरीकडे नालेसफाई होतीच.

मला त्या म्हणाल्या, "बाई, कळीला कात्री लावायची नाही असं शिकवलं होतं थोरल्या माळ्याने. एवढा बहर होऊ दे, मग कापते." थोरल्या माळ्याचं नाव त्यांनी पुढे केलं, पण कोणासाठी थांबल्या ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. आणि कर्दळीचा बहर असा होतच नाही. एक फूल गळतं तोवर वरचं उमलतं, त्या दांडीचा संपतो तोवर बाजूची दांडी निघते. मावशींनी जन्मभर कर्दळ लावलेली. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

इंजिनिअर मुलीचा फोन आला. "मावशी, कापणी झाली ना?"

"हो, होतेच आहे," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून फळीवरचे कप उगाच इकडचे तिकडे केले.

सगळं गाव फुलं बघायला लोटलं. पुलावर लोक मुलांना कठड्यावर चढवून दाखवायचे. एका नगरसेवकाने तळ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. नाक दाबून जाणारी माणसं तिथे उभी राहून गप्पा मारायला लागली. मावशींचं इतकं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं. त्या मात्र रोज सकाळी आधी आकाशाकडे बघायच्या, मग दांड्यांकडे. "उद्या," म्हणायच्या. "उद्या बोलावते मुकादमाला." मग आतून हाक यायची, आणि उद्याचा परवा व्हायचा.

थंडी अचानक पडली, आणि अशी पडली की नळातलं पाणी हाताला चावायला लागलं. सकाळी तराफ्यांवरच्या सगळ्या कर्दळी उकळत्या पाण्यात घातल्यासारख्या काळ्या पडून वाकल्या होत्या. मावशी तशाच पाण्यात उतरल्या. मुकादम आला, मजूर आले, शिंपीसुद्धा पँट दुमडून उतरला. पण दांड्या हातात यायच्या नाहीत. धरली की तिचा लगदा व्हायचा आणि खाली जायचा. जे काही निघालं ते ट्रकभरसुद्धा नव्हतं. बाकीचं तळ्याच्या तळाशी गेलं.

मग ऊन पडलं आणि ते कुजायला लागलं. वास आला तो आधीपेक्षा वाईट. साय परत आली. उरलेसुरले मासे तोंड वर काढून हवा खायला लागले आणि मग पोटं वर करून काठाला लागले. पाणकोंबडी कधी गेली ते कळलं नाही. त्यातच तपासणीची माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली.

इंजिनिअर मुलगी परत आली ती सरळ मागच्या पायरीवर. तिने पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, कधी कापलं होतं?"

"कापलंच नाही."

"फोनवर तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोलले."

ती मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मावशी नंतर म्हणाल्या. ती पायरीवर बसली, बूट काढून बाजूला ठेवले, पुन्हा घातले. "का पण? तुम्हाला तर सगळं समजलं होतं."

मावशींनी सांगितलं. कळीचं नाही सांगितलं, हाकेचंच सांगितलं. मुलीने खुर्चीकडे पाहिलं. नावाडी तिला म्हणाले, "पलीकडे जायचंय का? आज वारा नाही."

"मावशी, ऐका," ती म्हणाली. "नाला बंद झालेला नाही. तो बंद केल्याशिवाय झाडांनी किती प्यायचं? कापणी वेळेवर झाली असती तरी कदाचित आपण नापासच झालो असतो."

"कदाचित?"

ती बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागली.

"नक्की सांग ना पोरी. नापास झालो असतो की नसतो?"

"नक्की नाही सांगता येत मावशी. आता कोणालाच सांगता येणार नाही."

तिला बहुधा धीर द्यायचा होता. पण त्या उत्तराला मावशींना कुठूनच धरता आलं नाही. आपल्यामुळे झालं म्हणावं तर तसं नाही, आपल्यामुळे झालं नाही म्हणावं तर तसंही नाही. तळं तपासणीत नापास झालं आणि सभेत ते बुजवायचा निर्णय व्हायला चहा संपण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही म्हणतात. इंजिनिअर मुलीने विरोध नोंदवला, आणि पुढल्या महिन्यात तिची दुसऱ्या खात्यात बदली झाली.

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घेऊन डंपर यायला लागले. पलीकडून भराव टाकत अलीकडे येत होते. नावाड्यांची खुर्ची दारातच होती. पहिल्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि ओरडले, "अहो, तिकडे खोल आहे! डावीकडून घ्या, डावीकडून!"

डंपरवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. भला माणूस होता. "बरं काका, डावीकडून," म्हणाला, आणि खरोखरच गाडी डावीकडे घेऊन त्याने माल ओतला. नावाडी समाधानाने बसले.

रोज भराव थोडा थोडा जवळ यायचा आणि पाणी आक्रसायचं. "पाणी उतरलंय," नावाडी म्हणायचे.

"हो, उतरलंय."

"चढेल."

"चढेल," मावशी म्हणायच्या.

शेवटी पायरीपुरतं डबकं राहिलं. मग तेही बुजलं, वरून रोलर फिरला, आणि मागच्या दारातून सपाट करड्या जमिनीपलीकडे पुलाचे खांब दिसायला लागले. खांब इतके उंच आहेत हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ट्रक येऊन उभे राहू लागले. नावाड्यांनी दोन-चार दिवस त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची स्वतःच उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग तिथे बसेनात.

ते चालायला लागले. गल्लीतून, रस्त्यावरून, बाजारातून. कधी कोणाच्या तरी गळक्या नळापाशी वाहत्या पाण्याकडे बघत बसलेले सापडायचे, कधी शिंप्याच्या दुकानात कापडाच्या ढिगावर. एकदा तर महामार्गाच्या मधोमध सापडले. एका ट्रकवाल्याने आणून पोचवलं. मावशी हाताला धरून घरी आणायच्या, तर हात झटकायचे. "अहो बाई, सोडा मला. उशीर होतोय."

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"घरी. पलीकडे." आणि अगदी नम्रपणे, परक्या बाईशी बोलावं तसं, "तेवढं नावाड्याला बोलावता का?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "बाई, मी काय उत्तर द्यावं?" जन्मभर मुलांना उत्तरं शिकवली, आणि तेव्हा मी नुसती चहा गाळत बसले. नंतर मावशींनी स्वतःच शोधलं. "येतोय म्हणाला," असं सांगायच्या. त्यावर नावाडी थोडा वेळ थांबायचे. दिवसेंदिवस तो वेळ कमी होत गेला.

मावशींच्या मुलीने फोनवर सांगितलं, अशा लोकांना ठेवायची जागा असते, तिथे ठेवू. मावशी म्हणाल्या, "तिथे काय पाणी आहे?" डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. ती घेतली की नावाडी दिवसभर तोंड उघडं टाकून पडायचे आणि संध्याकाळी उठून पुन्हा दाराकडे निघायचे.

मावशींनी फळीवरचे कप हळूहळू रिकामे केले. ज्यांना मुळं फुटली होती ती रोपं दारोदार देऊन आल्या, बाकीचं गल्लीच्या कोपऱ्यावर टाकलं. मी म्हटलं, "थोडी तरी ठेवा." म्हणाल्या, "हात लावावासा वाटत नाही. आणि कशाला? वेळही नसतो." खरंच नसायचा. नळावर जायचं, दुकानात जायचं, तर नावाड्यांजवळ कोणीतरी बसायला हवं. सकाळी मी बसायची. दुपारी शिंप्याची बायको. पण शेजार म्हणजे किती पुरणार. प्रत्येकाच्या मागे आपापलं काही ना काही होतंच.

गेल्या आठवड्यात गल्लीच्या सुताराला मावशींनी बोलावलं. मागचं दार त्याने खिळ्यांनी ठोकून बंद केलं. पुढच्या दाराला बाहेरच्या बाजूने कडी बसवली. सुतार काम करताना मान वर करेना. "मावशी, घट्ट बसते का बघा," एवढंच म्हणाला. मावशींनी ओढून बघितली. घट्ट बसत होती.

आज सकाळी मी गेले तेव्हा त्या दूध आणायला रिकामी पिशवी घेऊन ओट्यावर उभ्या होत्या, एक हात कडीवर. दुकान दहा पावलांवर, पण गर्दी असते. आत नावाडी दार वाजवत होते. जोरात नाही, पाहुण्याने वाजवावं तसं, थांबून थांबून. "अहो बाई. अहो बाई, उघडता का?"

मी म्हटलं, "मी थांबते इथे. तुम्ही जाऊन या."

"नको. तुम्ही थांबलात तर तुमच्याशी बोलतात आणि मग थकतात," मावशी म्हणाल्या. "एकटे असले की आपोआप गप्प होतात. मला आता अंदाज आलाय."

आम्ही दोघी ओट्यावर उभ्या राहिलो. आतला आवाज हळू होत गेला आणि मग थांबला. मावशींनी कडीवरचा हात काढला, पदर सारखा केला आणि दुकानाकडे गेल्या.